फितीवरचा आवाज किती दिवस टिकतो?

एखादा वाद्यवृंद बंद पडला, त्याचा प्रमुख वादक वारला, की त्या वाद्यवृंदाकडून नवे काही ऐकायला मिळण्याचा प्रश्न संपला, असे आपण समजतो. अमेरिकेतील ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक वाद्यवृंदाच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. १९६५ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो या गावी सुरू झालेला हा वाद्यवृंद १९९५ मध्ये, जेरी गार्सिया हा त्याचा गिटारवादक व गायक वारल्यावर थांबला. त्याच्या चाहत्यांचे वाट पाहणे मात्र थांबले नाही. हे चाहते वाट पाहतात ती जुन्या कार्यक्रमांची. तीस वर्षांत या मंडळींनी सुमारे २,३०० कार्यक्रम केले आणि त्यांतील कितीतरी कार्यक्रमांच्या ध्वनिफिती कोठे ना कोठे शिल्लक आहेत. त्यांपैकी पुढची कोणती बाहेर येणार, याची ही उत्सुकता आहे.

सगळे कार्यक्रम सारखेच, मग इतके कशाला हवेत, असे तुम्हांला वाटेल. पण तसे नाही. आपल्याकडे एकच गायक एकच राग दोन मैफलींत दोन तऱ्हांनी गातो ना? त्यासारखीच या वाद्यवृंदाचीही रीत होती. एकच गाणे एके रात्री आठ मिनिटांत संपायचे, तर दुसऱ्या रात्री तेच पंचवीस मिनिटे चालायचे. काय वाजवायचे हे पुष्कळदा रंगमंचावरच ठरे. साहजिकच ज्याच्याजवळ शंभर कार्यक्रमांच्या फिती आहेत, त्याला एकशे एकावी हवीच असते.

“ध्वनिमुद्रण झालेले आहे ना? मग काढा बाहेर, प्रती करा आणि विका! अडचण कसली?” असे कोणीही विचारील. अडचण त्या फितीतच आहे. फीत म्हणजे काय, तिच्यावर आवाज कसा बसतो आणि तो कसा नाहीसा होतो, हे समजल्यावाचून या चाहत्यांची काळजी समजायची नाही.

चिमूटभर गंजाची करामत

१८९८ साली डेन्मार्कमधील वाल्डेमार पाउल्सन या अभियंत्याने पोलादी तारेवर चुंबकाच्या साहाय्याने आवाज साठवून दाखवला. १९०० मधील पॅरिसच्या प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ या यंत्रापुढे चार शब्द बोलला आणि ते आजही ऐकता येतात. पुढे १९२८ मध्ये फ्रिट्झ प्फ्लॉयमर या जर्मन संशोधकाने तारेऐवजी कागदाची पट्टी घेऊन तिच्यावर लोहचूर्ण चिकटवले. कागद जाऊन प्लॅस्टिक आले, लोखंडाऐवजी लोखंडाचे ऑक्साइड आले, आणि आपली ओळखीची तपकिरी फीत तयार झाली.

हा तपकिरी रंग फेरिक ऑक्साइडचा. लोखंडावर चढणारा गंज याच कुळातला, फक्त फितीसाठी वापरतात त्या प्रकाराची स्फटिकरचना निराळी असते आणि तिच्यामुळे तो चुंबकत्व धरून ठेवू शकतो. त्याचे कण सुईसारखे लांबट असतात आणि एका कणाची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. हे कण एका बहुवारिक पदार्थाच्या खळीत मिसळून त्यांचा पातळ थर प्लॅस्टिकच्या पट्टीवर देतात. या खळीला बंधक म्हणतात. हा शब्द ध्यानात ठेवा. आपल्या गोष्टीतला खलनायक तोच आहे.

एक सोपा प्रयोग करून पाहा. घरात एखादी कायमची बिघडलेली कॅसेट असेल तर मोठ्यांना विचारून तिच्यातील वीतभर फीत कापून घ्या. ती एका टोकाला धरून लोंबती ठेवा आणि जुन्या लाउडस्पीकरमधील जोरदार चुंबक तिच्याजवळ न्या. फीत चुंबकाकडे झुकेल. (ज्या कॅसेटमध्ये काही जपण्यासारखे आहे, तिच्या आसपासही हा चुंबक नेऊ नका!)

आता मुद्रण कसे होते ते पाहू. मायक्रोफोन आवाजाचे रूपांतर कमीजास्त होणाऱ्या विद्युतप्रवाहात करतो. हा प्रवाह एका लहानशा विद्युतचुंबकातून जातो. त्याला ‘हेड’ म्हणतात. हेडमध्ये केसाहूनही बारीक अशी फट ठेवलेली असते आणि फीत तिला घासून पुढे सरकते. प्रवाह जसा बदलेल तसे फटीजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि समोरून जाणारे कण त्या क्षणीच्या क्षेत्राप्रमाणे चुंबकित होतात. परत वाजवताना हेच उलट घडते. चुंबकित फीत हेडसमोरून जाते, हेडच्या वेटोळ्यात विद्युतप्रवाह उत्पन्न होतो, आणि तो विवर्धकातून लाउडस्पीकरकडे जातो. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा फॅरेडेचा नियम तुम्ही शिकला आहात. तोच येथे रात्रंदिवस राबत असतो.

यात एक मेख आहे. कणांवर अगदी क्षीण क्षेत्राचा परिणाम जवळजवळ टिकतच नाही. त्यामुळे हळू स्वर नीट उमटत नाहीत आणि आवाज वेडावाकडा होतो. यावर १९४० साली जर्मनीत फॉन ब्राउनम्यूल आणि वेबर या दोघांनी छान तोड काढली. डब्यात तांदूळ भरताना आपण डबा हलवतो म्हणजे दाणे आपापल्या जागी बसतात. तसेच मूळ संगीताबरोबर, माणसाला ऐकू येणार नाही इतक्या उच्च वारंवारतेचा एक प्रवाह हेडमध्ये सोडायचा. सेकंदाला सुमारे लाखभर वेळा तो कणांना हलवतो आणि मग संगीताचा क्षीण प्रवाहही आपली खूण नीट उमटवतो. याला बायस म्हणतात. हा लाख हेलकाव्यांचा सोबती पुढे एका अनपेक्षित कामी येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही जर्मन यंत्रे अमेरिकेत गेली आणि १९४८ मध्ये अँपेक्स या कंपनीने तशी यंत्रे विकायला काढली. अँपेक्सचा कारखाना सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस, पालो आल्टोपासून थोड्याच अंतरावर होता. ग्रेटफुल डेडची मंडळी फितींच्या यंत्रांत एवढी रमली त्यात या शेजाराचाही काही वाटा असावा, असे मला वाटते.

वेग वाढवावा की वेळ?

फितीवर आवाजाची प्रत्यक्ष लाट मोजता येते. तिची लांबी काढायला फितीचा वेग भागिले आवाजाची वारंवारता एवढेच करायचे. कार्यक्रमाच्या ठिकाणी वापरतात त्या मोठ्या यंत्रात फितीचा वेग सेकंदाला ३८ सेंटिमीटर ठेवता येतो. झांजेसारख्या वाद्यातील १०,००० हर्ट्झचा आवाज घेतला, तर त्याची फितीवरील तरंगलांबी होईल ०.००३८ सेंटिमीटर, म्हणजे ३८ मायक्रोमीटर. वेग निम्मा केला तर १९ मायक्रोमीटर. कॅसेटमध्ये वेग सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर, म्हणून तेथे हीच लाट पाच मायक्रोमीटरहूनही लहान होते. लाट जितकी आखूड, तितके हेडच्या फटीला ती ओळखणे अवघड. शिवाय त्या लाटेच्या वाट्याला येणारे कणही कमी. म्हणून वेगवान फितीवरचा आवाज स्वच्छ असतो.

मग वेग वाढवतच का नेऊ नये? कारण फीत संपते! मोठ्या रिळावर सुमारे ७६२ मीटर फीत मावते. सेकंदाला ३८.१ सेंटिमीटर या वेगाने ती २,००० सेकंदांत, म्हणजे ३३ मिनिटे २० सेकंदांत संपते. निम्म्या वेगाने ६६ मिनिटे ४० सेकंद मिळतात. आता पंचवीस मिनिटांचे गाणे ऐन रंगात आले आहे आणि रीळ संपले, अशी कल्पना करा. मुद्रण करणारा कितीही चपळ असो, नवे रीळ चढवीपर्यंत मधले संगीत हवेत विरून जाते. जुन्या कार्यक्रमांच्या अनेक मुद्रणांत अशी भोके आहेत.

ही भोके बुजवायला मदत होते ती श्रोत्यांचीच. या वाद्यवृंदाने आपल्या श्रोत्यांना कार्यक्रम टिपून घेण्याची मोकळीक दिली होती. १९८४ च्या ऑक्टोबरपासून तर सभागृहात त्यांच्यासाठी वेगळी जागाच राखून ठेवू लागले. फिती एकमेकांना द्या, फक्त विकू नका, एवढीच अट. एखाद्याने कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवला की दुसरा त्याला प्रत करून पाठवी. अशा एखाद्या श्रोत्याची फीत घेऊन मूळ मुद्रणातील भोक भरतात. पण त्यासाठीही गणित करावे लागते. वाद्यवृंदाच्या मुद्रणात आवाज तारेतून तत्क्षणी आला. श्रोत्याचा मायक्रोफोन रंगमंचापासून ३४ मीटरांवर असेल, तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरून त्याच्याकडे तोच आवाज एकदशांश सेकंद उशिरा पोहोचतो. हा फरक काढून टाकला नाही तर सांध्यावर ठेका चुकतो.

प्रतीची प्रत, तिची प्रत

अशा देवघेवीत आणखी एक नुकसान होई. प्रत्येक फितीची स्वतःची बारीक खरखर असते. कणांचा थर कितीही एकसारखा केला तरी तो दाणेदारच असतो, त्यामुळे ही खरखर टळत नाही. प्रत केली की पहिल्या फितीच्या खरखरीत दुसरीची भर पडते. दोन फितींची खरखर सारखी धरली तर तिची शक्ती दुप्पट होते, म्हणजे ३ डेसिबेलने वाढते. चार पिढ्यांनंतर ६, आठ पिढ्यांनंतर ९ डेसिबेल. उच्च स्वरांचे हाल याहून वाईट. समजा, प्रत्येक प्रतीत त्यांचा ८० टक्केच भाग उतरला, तर पाच प्रतींनंतर ०.८ × ०.८ × ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे ३३ टक्क्यांच्या आसपास उरतो. झांजेचा नाद जाऊन नुसती फुसफुस राहते. म्हणून मूळ फितीला पर्याय नाही, आणि म्हणूनच चाहत्यांचे लक्ष वाद्यवृंदाच्या कोठारातील मूळ फितींकडे लागलेले असते. त्यांच्या भाषेत या कोठाराला ‘व्हॉल्ट’ म्हणतात. १९८५ पासून या कोठाराची व्यवस्था पाहणारा डिक लॅटव्हाला हा स्वतः असाच फिती जमवणारा चाहता होता. कोठारातील पहिला संपूर्ण कार्यक्रम १९९१ मध्ये बाजारात आला. तो मूळचा १९७५ सालचा होता. १९९३ पासून लॅटव्हालाने निवडलेल्या कार्यक्रमांची मालिका निघू लागली. तिच्या वेष्टनावर, या जुन्या फिती आहेत, त्यांत दोष आढळतील, असा इशारा दिलेला असे. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. २०१२ पासून दुसरी मालिका सुरू झाली आणि तिच्यात वर्षाला चार कार्यक्रम येऊ लागले.

लिलावात निघालेल्या पेट्या

मूळ फिती सगळ्याच कोठारात होत्या असे मात्र नाही. बेटी कँटर-जॅकसन ही या वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रणतज्ज्ञ. १९७० नंतरच्या दशकात तिने केलेली मुद्रणे इतकी स्वच्छ आणि तोललेली आहेत, की चाहते त्यांना तिच्याच नावाने ओळखतात. पुढे तिचा वाद्यवृंदाशी संबंध तुटला. तिच्याजवळच्या शेकडो फिती भाड्याच्या साठवणखोलीत ठेवलेल्या होत्या. भाडे थकले आणि १९८६ साली खोलीतील सामानाचा लिलाव झाला! पेट्यांत काय आहे याची घेणाऱ्या सर्वांनाच कल्पना होती असे नाही. निरनिराळ्या लोकांच्या घरी त्या फिती गेल्या. काहींच्या प्रती होऊन चाहत्यांत फिरल्या, तर काही दमट जागी पडून राहिल्या आणि त्यांवर बुरशी चढली.

याच फितींत ८ मे १९७७ चा कार्यक्रम होता. न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये तो झाला होता. या वाद्यवृंदाचा सर्वोत्तम कार्यक्रम कोणता, यावर चाहत्यांत जे अखंड भांडण चालते त्यात हे नाव हटकून निघते. २०११ सालच्या यादीत अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्याची राष्ट्रीय महत्त्वाचे ध्वनिमुद्रण म्हणून निवड केली. गंमत पाहा, त्या वेळीही तो अधिकृतपणे बाजारात आलेला नव्हता, कारण मूळ फितीच वाद्यवृंदाजवळ नव्हत्या. चाहते प्रतींच्या प्रतींवर समाधान मानत होते. अखेर लिलावातील फिती कोठारात परत आल्या आणि २०१७ च्या मे महिन्यात, म्हणजे बरोबर चाळीस वर्षांनी, तो प्रकाशित झाला.

एवढी वर्षे पडून राहिलेली फीत काढली आणि यंत्रावर लावली, असे करून चालत नाही. येथेच आपला खलनायक पुढे येतो. १९७० नंतरच्या दशकात अनेक कंपन्यांनी पॉलियुरेथेन या बहुवारिकाचा बंधक वापरायला सुरुवात केली. तो लवचीक होता, टिकाऊ वाटत होता. परंतु पॉलियुरेथेनच्या लांब साखळ्यांतील काही बंध हवेतील पाण्याच्या वाफेमुळे तुटतात. या क्रियेला जलीय विच्छेदन म्हणतात. साखळ्या तुटून आखूड झाल्या की बंधक चिकट बनतो. अशी फीत यंत्रावर लावली तर ती हेडला चिकटते, किंचाळल्यासारखा आवाज करते आणि तपकिरी थर खरवडून हेडवर जमा होतो. तो तपकिरी चिखल म्हणजे नुसता मळ नव्हे. ते त्या रात्रीचे संगीतच असते. ते परत फितीवर चढवता येत नाही.

यावर उपाय ऐकून हसू येईल. फीत भाजतात! अर्थात भाकरीसारखी नव्हे. सुमारे ५४ अंश सेल्सियस तपमानाच्या, कोरड्या हवेच्या पेटीत ती आठ तास किंवा त्याहून अधिक वेळ ठेवतात. बंधकात शिरलेली वाफ निघून जाते आणि थर पुन्हा घट्ट होतो. पण हा बरेपणा तात्पुरता असतो. काही आठवड्यांत हवेतील आर्द्रता पुन्हा आत शिरते. तेवढ्या अवधीत फीत वाजवून तिची प्रत करून घ्यायची. त्याहून जुन्या काही फितींची पट्टी ॲसिटेट या प्लॅस्टिकची असते. ती भाजली तर बिघडते. तेव्हा कोणती फीत कशाची आहे हे ओळखणे ही या धंद्यातील पहिली पायरी. घरच्या जुन्या कॅसेटवर स्वयंपाकघरात हा प्रयोग करू नका. कॅसेटना हा रोग सहसा होत नाही आणि भाजल्याने त्यांची डबी मात्र वाकडी होते.

फीत नुसती गुंडाळून ठेवली तरी एक लहानसा उपद्रव होतो. एका वेटोळ्याचे चुंबकत्व शेजारच्या वेटोळ्यावर पुसट उमटते. मग शांततेत गाणे सुरू होण्याच्या क्षणभर आधीच त्याची अंधुक चाहूल ऐकू येते. म्हणून जाणकार लोक फीत वाजवून झाल्यावर उलट गुंडाळत नाहीत, शेवट बाहेर ठेवूनच ठेवतात. तसे केले की मोठी छाप मूळ आवाजाच्या नंतर पडते आणि प्रतिध्वनीसारखी त्यातच दडून जाते.

आता त्या बायसकडे वळू. यंत्राची मोटर आणि चाके कधीच पूर्णपणे एकसारखी फिरत नाहीत. वेगात किंचित चढउतार झाला की स्वर थरथरतो. तंबोरे उत्तम जुळवून एखाद्याने मधूनच खुंटी हलवावी, तसे वाटते. ही थरथर मुद्रणाच्या रात्रीच फितीवर बसलेली असते, मग ती काढणार कशी? संगीताच्या स्वरांवरून ती कळत नाही, कारण वादकाने तो स्वर मुद्दामच हलवला असेल. पण बायसचा प्रवाह कोणी वादक निर्माण करीत नाही. त्याची वारंवारता अगदी स्थिर असते आणि त्याची पुसट खूण फितीवर राहून गेलेली असते. प्लॅन्जेंट प्रोसेसेस या अमेरिकन संस्थेने ही खूण वाचणारी खास हेडे व विवर्धक वापरून एक पद्धत बसवली. समजा, बायस १,००,००० हर्ट्झचा होता आणि एखाद्या क्षणी तो १,००,३०० वाचला गेला. याचा अर्थ त्या क्षणी सर्वच स्वर ०.३ टक्के चढले आहेत. संगणक तेवढा तुकडा तेवढ्याच प्रमाणात ताणतो. सेकंदात हजारो वेळा हे केले की थरथर नाहीशी होते. १९७७ च्या त्या कार्यक्रमावर याच पद्धतीने काम झाले. १९४० साली तांदळाचा डबा हलवण्यासाठी शोधलेली युक्ती अशी घड्याळ म्हणून उपयोगी पडली!

आकड्यांचा घोडा

फीत वाजवली की तिचे रूपांतर आकड्यांत करून संगणकात साठवतात. सेकंदाला ९६,००० वेळा आवाजाची उंची मोजायची, प्रत्येक माप २४ द्विमान अंकांत लिहायचे आणि डावी-उजवी अशा दोन बाजू. ९६,००० × २४ × २ = ४६,०८,००० अंक, म्हणजे सेकंदाला ५,७६,००० बाइट. तीन तासांचा कार्यक्रम सुमारे ६.२ गिगाबाइट जागा घेतो. सगळेच्या सगळे २,३०० कार्यक्रम शाबूत आहेत असे क्षणभर धरले, तरी एकूण जागा १४ टेराबाइटच्या आसपास लागेल. ती हल्ली वहीएवढ्या एका पेटीत मावते.

तेव्हा जागेची अडचण नाही. अडचण वेळेची आहे. फीत घाईने वाजवता येत नाही. तीन तासांच्या फितीला तीन तास लागतातच. २,३०० कार्यक्रमांचे झाले ६,९०० तास, रोज आठ तास काम केले तर आठशे साठाहून अधिक दिवस. त्यात भाजणे, साफ करणे, तुटलेले सांधे जोडणे हे धरलेले नाही. आणि यंत्रे? असली मोठी यंत्रे आता जवळजवळ कोठेच तयार होत नाहीत. जुन्या यंत्रांची हेडे झिजतात आणि ती नीट करणारे कारागीर थोडे उरले आहेत.

‘आकड्यांत मुद्रण केलेले कार्यक्रम तरी सुरक्षित असतील’ असे वाटते ना? १९८० नंतरच्या काही वर्षांत या वाद्यवृंदाचे बरेच कार्यक्रम साध्या कॅसेटवर टिपले गेले. त्यांचे काय होते ते आपण मघाशीच पाहिले. पुढे व्हिडिओ फितीवर आणि मग लहान डिजिटल फितींवर आकड्यांत मुद्रण होऊ लागले. पण ते आकडेही शेवटी फितीवरच लिहिलेले! साधी फीत बिघडते तेव्हा खरखर वाढते, स्वर मंदावतो, पण कानाला काहीतरी लागते. आकड्यांच्या फितीत थोडी चूक असेल तर यंत्र ती हिशेबाने दुरुस्त करते आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही. चुका एका मर्यादेपलीकडे गेल्या की मात्र एकदम सगळे बंद. त्यामुळे १९८७ ची डिजिटल फीत १९७२ च्या तपकिरी फितीआधी मरू शकते. आमचे एक शिक्षक वर्गात म्हणत, की बैल थकला तर हळू चालतो, यंत्र थकले तर उभे राहते. त्यांच्या डोळ्यांपुढे पाण्याचा पंप होता, पण हे येथेही लागू पडते.

या सगळ्यात आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. आउस्ली स्टॅनली हा ग्रेटफुल डेडचा सुरुवातीच्या काळातील ध्वनितज्ज्ञ. आपली ध्वनियोजना कशी झाली हे नंतर तपासता यावे म्हणून तो प्रत्येक कार्यक्रमाची फीत करून ठेवी. डायरी लिहावी तशी ही त्याची सवय होती आणि ती एका वाद्यवृंदापुरती नव्हती. २९ मे १९७० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकाठच्या एका सभागृहात उस्ताद अली अकबर खाँ यांचे सरोदवादन झाले. सतारीवर इंद्रनील भट्टाचार्य आणि तबल्यावर एकोणीस वर्षांचा झाकिर हुसेन होता. स्टॅनलीने ती मैफल टिपली. फीत पन्नास वर्षे डबीत राहिली. स्टॅनली २०११ मध्ये वारला. त्याच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेने ती फीत दुरुस्त करून २०२० साली प्रकाशित केली, तेव्हा अली अकबर खाँ हयात नव्हते, झाकिर हुसेन होते. १९७६ मध्ये झाकिर हुसेन आणि ग्रेटफुल डेडचा तालवादक मिकी हार्ट यांच्या तालवाद्यवृंदाची तबकडीही निघाली होती. हार्ट हा झाकिर यांचे वडील उस्ताद अल्ला रखाँ यांच्याकडे शिकलेला.

स्टॅनलीने मागे ठेवलेली रिळे १,३०० हून अधिक आहेत. आता एक गणित तुमच्यासाठी. प्रत्येक रीळ ३३ मिनिटांचे धरा. ते वाजवण्यापूर्वी तपासायला, साफ करायला व यंत्रावर चढवायला एक तास लागतो असे समजा. एकच यंत्र आहे आणि दोन माणसे पाळीपाळीने रोज आठ तास काम करतात. सगळी रिळे संपायला किती दिवस लागतील? दुसरे यंत्र मिळाले तर ते निम्मे होतील का, की त्यासाठी माणसेही वाढवावी लागतील?